आजव्याची बातमी

बोलतोय तो मी, 'चार दरवाजे'. बडोद्याचं मराठी दैनिक. मला हातात घ्यायला जाऊ नका, बोटं काचेला लागतील. मी कागदावर कधी छापलाच गेलो नाही. सकाळी माझी घडी कोणाच्या उंबऱ्यावर पडली नाही, रद्दीवाल्याच्या तराजूत मी कधी बसलो नाही, आणि शेव-उसळीच्या गाडीवर पाव गुंडाळायलाही माझा उपयोग झाला नाही. टेलिफोनच्या तारेतून मी जन्माला आलो आणि तिथेच राहिलो.

मला जन्म दिला निरुपमाताईंनी. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत अधिकारी होते, वडील प्राध्यापक. त्या स्वतः एका छापील दैनिकाचं मराठी पान सांभाळायच्या. एक दिवस मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "बेन, तुमची मुलं आता गुजराती वाचतात. हे पान बंद करू या." ताई घरी आल्या. मग त्यांना आठवला अनीश. दांडिया बाजारात संगणकाचे वर्ग घेणारा, हसतमुख, घाईचा पोरगा. तो म्हणाला, "ताई, पान बंद झालं ने? मग पानाशिवाय काढू या."

विसावं शतक संपत आलं होतं. लहरीपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत एक संगणक आला, एक पंखा आला आणि मी आलो. सुरुवातीला माझी फार फजिती व्हायची. वाचकाला आधी माझी अक्षरं आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागत. नाहीतर मी त्याला नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायचो. एक चित्र यायला चहा पिऊन होई. आणि घरात कोणाचा फोन आला की मी मध्येच तुटायचो.

खरं सांगायचं तर बडोद्यात मला वाचणारे थोडेच होते. माझे वाचक होते न्यू जर्सीत, लेस्टरमध्ये, सिडनीत. इथून गेलेली मुलं-मुली. तिकडची सकाळ झाली की ती मला उघडायची आणि पहिल्यांदा निधनवार्ता बघायची. मग पाणी किती वाजता येतंय, सुरसागर तलावाचं काय चाललंय, कोणाच्या मुलीचं अरंगेत्रम झालं. इथे राहून जे कोणी विचारत नाही, ते सगळं त्यांना हवं असायचं.

त्यातली एक शलाका शिर्के. न्यू जर्सीत राहणारी, रोज काही ना काही चूक काढून कळवणारी. तिचे वडील जयवंतराव हरणीच्या एका सोसायटीत राहायचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, स्वतः ते एका कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालेले. शलाकाची आई गेल्यापासून एकटेच. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे आपला अनीश आणि त्याची बायको मोहना. म्हणजे मला तयार करणारा त्यांच्या डोक्यावर राहत होता आणि मला वाचणारी त्यांची लेक होती, तरी जयवंतराव मला वर्तमानपत्र मानायला तयार नव्हते. अनीशला जिन्यात गाठून म्हणायचे, "जे फाडता येत नाही तो कसला पेपर रे?"

अनीशला सगळ्यांच्या आधी बातमी द्यायची हौस. निरुपमाताईंचा स्वभाव उलट. बातमी आली की त्या चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायच्या, "कोणी पाहिलं?" समजलं, ऐकलं, म्हणतात, हे त्यांना चालत नसे. त्यामुळे आम्हाला पुष्कळदा उशीर व्हायचा. अनीश चिडायचा. पण त्या दोघांचं भांडण शेवटी चहावर मिटायचं. त्या पावसाळ्यापर्यंत तरी.

त्या वर्षी पाऊस कोसळला तो थांबेचना. विश्वामित्री काठ सोडून वस्तीत शिरली. बडोद्याच्या माणसाला नदीचं पाणी एक वेळ चालेल, पण त्यातून येणाऱ्या मगरीच्या कल्पनेनं अंगावर काटा येतो. शहराचे दोन तुकडे झाले. पूल बंद, रेल्वेखालची गरनाळी भरलेली, बहुतेक भागांत वीज नाही. लहरीपुरा उंचावर, तिथे पाणी नव्हतं. पण वीज तिथेही गेली. माझ्या खोलीतली बॅटरी संपत आली तेव्हा खालचे चष्म्याचे शेठ स्वतः जिना चढून आले. म्हणाले, "बेन, आजे चश्मा लेवा कोण आववानुं? जनरेटर तमे वापरो." खालून वायर वर आली आणि मी जिवंत राहिलो.

पण कोणासाठी? शहरात वीज नाही, म्हणजे शहरात मला कोणी वाचू शकत नव्हतं. अनीश तसं म्हणालाही. "ताई, आपण भिंतीला सांगतोय."

तेवढ्यात शलाकाचा मजकूर आला. "तुमच्याकडे वाचलं की बाबांच्या शेजारच्या कारेलीबागेत पाणी वाढतंय. लगेच बाबांना फोन लावला. लागला! बाबा म्हणतात, सोसायटीत कमरेइतकं पाणी आहे. ते आणि खालचे शेजारी लांब वायरचा फोन घेऊन वर मोहनाकडे गेलेत. त्यांना पुढच्या रस्त्याचं काही कळत नाहीये. तुम्ही लिहा, मी त्यांना सांगते."

तेव्हा आम्हाला उलगडलं. गावातल्या गावात फोन लागत नव्हते. लहरीपुऱ्याहून हरणीला नुसता टूं टूं असा आवाज. अनीश सकाळपासून मोहनाचा आवाज ऐकायला तडफडत होता. तिला सातवा महिना लागला होता. पण साता समुद्रापलीकडून तोच फोन खणखणत होता. मग मुलं आपापल्या आई-बापांना फोन करू लागली. कोणत्या गल्लीत किती पाणी, कुठली गच्ची मोकळी, कुठे होडी आली, ते विचारून मला कळवू लागली. निरुपमाताई ते लिहायच्या. दुसऱ्या गल्लीची मुलं ते परदेशात वाचायची आणि आपल्या घरी सांगायची. समोरच्या घराची खबर समोरच्या घराला अमेरिकेमार्गे मिळत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बडोद्याच्या कामाला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावरून धावत कोणीतरी ओरडत गेलं, "आजवा फुटला!"

आजवा म्हणजे बडोद्याला पाणी पाजणारा तलाव. शहराच्या वरच्या अंगाला. तो भरला की गाव निश्चिंत असतो. तो फुटला तर गाव उरणार नाही, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. खाली रस्त्यावर धडाधड दुकानांची शटरं पडली. माणसं पोरं खांद्यावर घेऊन उंच जागेकडे पळू लागली. कोणी म्हणालं, मांजलपूरची माणसं स्कूटर टाकून गच्च्यांवर चढतायत. शेठच्या दुकानात बॅटरीवरचा छोटा टीव्ही होता. एका वाहिनीवर पट्टी धावली: आजवा धरण फुटल्याचे वृत्त.

अनीशनं खुर्ची ओढली. त्यानं टंकायला घेतलं. माझ्या कपाळावर लाल अक्षरं उमटली: 'आजवा फुटला. घरं सोडा.' फक्त कळ दाबायची बाकी होती. त्याचं बोट कळीवर होतं. ते मला जाणवत होतं.

"कोणी पाहिलं?" निरुपमाताईंनी विचारलं.

"ताई, आता नको! टीव्हीवर आलंय. मोहना हरणीला आहे. पाणी पहिल्यांदा तिथेच शिरणार."

"म्हणूनच विचारते. ती आत्ता वरच्या मजल्यावर आहे ना? तू हे टाकलंस की शलाका फोन करणार. सगळी सोसायटी खाली पाण्यात उतरणार, हायवे गाठायला. पोटुशी बाई त्या ओढीतून चालत जाईल का?"

"आणि खरंच फुटलं असेल तर?"

ताईंनी फोन ओढला. त्यांनी नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. एकदा लागला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "आम्हीच विचारतोय, काही सांगता येत नाही." आजव्याचा रस्ता पाण्याखाली होता. माणूस पाठवायची सोय नव्हती.

ताईंनी अनीशला हळूच बाजूला केलं. लाल अक्षरं पुसली आणि स्वतः लिहिलं:

'आजवा फुटल्याची बातमी शहरात पसरली आहे. ती खरी आहे की खोटी, हे आम्हाला अजून माहीत नाही. आम्ही विचारतो आहोत. जे वरच्या मजल्यावर आहेत त्यांनी पाण्यात उतरू नये. आजव्याजवळ ज्यांचं कोणी राहतं त्यांनी आत्ता फोन करावा, आणि फक्त डोळ्यांनी पाहिलेलं कळवावं.'

"माहीत नाही?" अनीश ओरडला. "ही काय बातमी झाली?"

"आत्ता एवढीच बातमी आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी कळ दाबली.

मग जे येऊ लागलं ते वाचवत नव्हतं. माझ्या मावशीनं ऐकलंय. आमच्या सोसायटीत सांगतायत. माझ्या मित्राला पोलिसांनी सांगितलं. ताई एकेक बाजूला सारत होत्या. शलाकाचा मजकूर आला: "हरणीत सगळे निघायच्या तयारीत आहेत. दोर बांधलाय. मी बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'माहीत नाही म्हणतायत? मग माहीत होईपर्यंत कोणी हलायचं नाही.' त्यांनी जिन्यात खुर्ची टाकलीय आणि कोणाला उतरू देत नाहीयेत. पण माणसं त्यांच्या अंगावर धावून येतायत. ताई, लवकर सांगा काहीतरी."

अनीशनं ते वाचलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आता त्याची बायको एका म्हाताऱ्याच्या शब्दावर बसली होती आणि म्हातारा माझ्या शब्दावर.

मग लेस्टरहून चारुलता नावाच्या बाईचा मजकूर आला. तिची आई मथुराबाई आजव्याच्या बांधाजवळच्या वस्तीत राहायची. वडील तिथल्या बागेच्या नोकरीत होते. ते गेल्यावरही आईनं ती जागा सोडली नव्हती. चारुलतेनं लिहिलं होतं, "आईशी बोलले. ती म्हणते, फुटलं असतं तर मी फोन उचलला असता का ग?"

"झालं!" अनीश टाळी वाजवून म्हणाला. "टाका ताई."

ताईंनी मान हलवली. "बांध मोठा आहे. पलीकडच्या टोकाला तडा गेला असेल तर? त्यांना म्हणावं, जाऊन बघून या."

"या पावसात म्हातारीला बाहेर पाठवणार?"

"विचारते. नाही म्हणाल्या तर नाही."

मथुराबाई नाही म्हणाल्या नाहीत. शेजारच्या सुनेचा हात धरून, डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं घेऊन त्या बांध चढायला निघाल्या. लेस्टरमध्ये लेक फोन कानाला लावून बसली. लहरीपुऱ्यात जनरेटर धडधडत होता. मी तसाच उघडा होतो, 'माहीत नाही' हे शब्द कपाळावर घेऊन. जगाच्या चारी बाजूंनी माणसं मला पुन्हा पुन्हा उघडत होती. एवढे वाचक माझ्या नशिबी कधी आले नव्हते. आणि सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

हरणीत याच वेळात काय झालं, ते मला नंतर कळलं. जयवंतरावांनी त्यांच्या जिन्यातली माणसं रोखली होती. पण समोर एक बैठं घर होतं, पत्र्याचं. त्याला वरचा मजला नव्हता. त्या घरातली माणसं, बाई, नवरा आणि दोन लहान मुली, 'आजवा फुटला' ऐकून पाण्यात उतरली होती. हायवेच्या दिशेनं निघाली होती. वाटेत नाला होता. पाण्यानं रस्ता आणि नाला एक करून टाकला होता. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्यालाच कळावं की पाय कुठे टाकायचा नाही. जयवंतराव खुर्चीवरून उठले. मोहनाला म्हणाले, "फोन धरून बस. शलाकाशी बोलत राहा. मी त्यांना वर घेऊन येतो." आणि दोराचं टोक कमरेला बांधून उतरले.

मोहनानं शलाकाला सगळं सांगितलं, खिडकीतून दिसत होतं तसं. काका पोचले. त्यांनी एका मुलीला खांद्यावर घेतलं. ती माणसं परत यायला तयार नाहीत. काका ओरडतायत. तो माणूस म्हणतोय, धरण फुटलंय काका, सोडा.

तेव्हा चारुलतेचा मजकूर आला. तो असा होता: "आई वर जाऊन आली. तिनं बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. पाणी खूप आहे, बाग बुडाली आहे. बांध जागेवर आहे. आजवा फुटलेला नाही."

निरुपमाताईंनी तो शब्दाला शब्द लिहिला. खाली लिहिलं, हे मथुराबाईंनी दुपारी तीनच्या सुमारास स्वतः बांधावर उभं राहून पाहिलं आहे. अनीशनं कळ दाबली. मी निघालो.

न्यू जर्सीत पहाट होती. शलाकानं मला वाचलं आणि फोनमध्ये किंचाळली. मोहनानं फोन पलंगावर टाकला, गॅलरीत धावली आणि जीव एकवटून ओरडली, "काका! आजवा शाबूत आहे! परत फिरा!"

ती माणसं परत फिरली. आधी बाई, मग नवरा धाकटीला घेऊन. जयवंतरावांनी खांद्यावरची थोरली पुढे दिली, जिन्यातून दोर धरून पुढे आलेल्या हातांनी तिला ओढून घेतलं. ते स्वतः सगळ्यात मागे होते. वळताना त्यांचा पाय नाल्याच्या कडेवरून सुटला. दोर ताणला गेला आणि मग एकदम सैल झाला.

पलंगावर पडलेला फोन चालूच होता. शलाकाला शब्द कळत नव्हते. फक्त ओरडा ऐकू येत होता, आणि मग तो थांबलेलाही ऐकू आला.

पाणी ओसरल्यावर जयवंतराव सापडले. तोवर दोन दिवस सगळे म्हणत होते, ते गेले, लिहा. निरुपमाताईंनी लिहिलं नाही. शलाका विमानात होती. ती उतरली, तिनं त्यांना पाहिलं, आणि मगच ती बातमी माझ्यावर आली. निधनवार्ता तिनं स्वतः लिहून दिली. त्यात पणजोबांची फौज नव्हती, कारखान्यातली नोकरी नव्हती. पुढचे तीन शब्द मात्र तिनं शेवटी घालायला लावले: 'आजवा फुटला नव्हता.'

तेराव्यानंतर ती लहरीपुऱ्याच्या खोलीवर आली. त्या दुपारी इथे काय झालं ते तिला मोहनानं सांगितलं होतं. अनीश उभाच राहिला, त्याला तिच्याकडे बघवेना. निरुपमाताईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"ताई, मथुराबाईंचं पहिलं उत्तर आलं, तेव्हाच टाकलं असतंत तर?" शलाकानं विचारलं.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तर कदाचित जयवंतराव परतले असते," ताई म्हणाल्या. "मी रोज तोच विचार करते."

"आणि त्या पलीकडच्या टोकाला खरंच तडा असता तर?"

"तर अनीशची मोहना राहिली नसती. आणि जिन्यातलं कोणीच नसतं राहिलं."

शलाका माझ्याकडे वळली. पडद्यावर तिच्या वडिलांचा फोटो होता. मग म्हणाली, "बाबांनी तुमच्या 'माहीत नाही'वर खुर्ची टाकली. आयुष्यभर त्यांनी कोणाचं ऐकलं नव्हतं." तिनं डोळे पुसले नाहीत. उठताना अनीशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मोहनाला जप."

मोहनाला मुलगी झाली. भक्ती तिचं नाव. ती आता शाळेत जाते.

त्या पावसाळ्याला आता बरीच वर्षं झाली. आता प्रत्येक छापील दैनिकाची माझ्यासारखी आवृत्ती निघालीय. माणसांच्या खिशातल्या फोनमध्ये बातमी घडायच्या आधी येऊन बसते. लहरीपुऱ्याची खोली सुटली. शेठचं दुकान त्यांच्या मुलानं बदलून टाकलं. अनीश पुण्याला नोकरी करतो आणि रविवारी तिथूनच माझी डागडुजी करतो. निरुपमाताई मला मांजलपूरच्या आपल्या फ्लॅटमधून काढतात. त्यांना मोठ्या अक्षरांशिवाय वाचता येत नाही, म्हणून माझी अक्षरं मोठी झालीत. एखाद्या दिवशी माझ्यावर दोन निधनवार्ता आणि एक व्याख्यान, एवढंच असतं. आपल्यानंतर मला कोण चालवेल, हा विषय त्या काढत नाहीत आणि मीही विचारत नाही.

पण आभाळ भरून आलं की मला अजून वाचक येतात. दूरदूरच्या गावांहून, एकामागून एक, श्वास रोखून. त्यांना माझी एक विनंती आहे. बडोद्यात पाणी वाढल्याचं कानावर आलं तर मला उघडायच्या आधी घरी फोन लावा. जे कोणी उचलेल त्याच्याशी दोन शब्द जास्त बोला, जेवलात का विचारा. मग सावकाश माझ्याकडे या. बातमी मी जपून ठेवीन. ती कुठे जात नाही.